मानेच्या सुरकुत्यांवर सुईचा इलाज

आषाढ लागला की भोर आणि वेल्हे तालुक्यांतील खाचरांत भाताच्या लावणीला वेग येतो. कमरेत वाकलेल्या बायकांच्या रांगा, पाठीवर इरले किंवा प्लास्टिकचा कागद आणि हातात रोपांची जुडी, हे दृश्य पुण्याहून राजगड-तोरण्याकडे जाणाऱ्यांच्या ओळखीचे आहे. पावसाळ्यात आभाळ झाकोळलेले असते. त्याआधी राब भाजण्याचे दिवस आणि नंतर कापणी-झोडणीचे दिवस मात्र उन्हाचे. वाकून काम करणाऱ्याचा चेहरा जमिनीकडे असतो, डोक्याला पदर किंवा मुंडासे असते आणि ऊन पडते ते नेमके मानेवर. पन्नाशीला आलेल्या अशा माणसाचा चेहरा एक वय सांगतो आणि मान दुसरेच.

याच तालुक्यांतून नोकरीधंद्यासाठी पुण्यात आलेली कुटुंबे आज कात्रज, धनकवडी, सिंहगड रस्ता या भागांत राहतात. वेल्हे तालुक्याचे नाव आता राजगड झाले असले, तरी बोलण्यात अजून वेल्हेच आहे. मान आणि छातीचा वरचा भाग तरुण करून देणाऱ्या इंजेक्शनांच्या जाहिराती शहरातील या पिढीपर्यंत पोहोचल्या आहेत आणि सणावाराला गावी जाताना त्यांची चर्चाही गावापर्यंत जाते. या इंजेक्शनांतून नेमके काय टोचले जाते, त्याचा उपयोग कोठवर होतो आणि ते कोणी टोचावे, हे जाहिरातीत क्वचितच असते.

मराठीत या अवयवाला दोन शब्द आहेत. मागची बाजू ती मान आणि पुढची तो गळा. इंग्रजीत दोन्हींना एकच शब्द असल्याने जाहिरातीच्या भाषांतरात हा भेद हरवतो. वास्तविक सध्याची जवळजवळ सर्व इंजेक्शने गळ्यासाठी आणि त्याखालच्या छातीसाठी आहेत. शेतात राबणाऱ्याच्या मानेसाठी त्यांत फारसे काही नाही.

उन्हात वर्षानुवर्षे राहिलेल्या मानेची कातडी जाड, चिवट आणि खरखरीत होते. तिच्यावर एकमेकींना छेदणाऱ्या खोल घळ्या पडतात आणि पतंगाच्या आकाराचे चौकोन दिसू लागतात. शेतकरी आणि खलाशी यांच्यात हा बदल विशेष आढळत असल्याने वैद्यकाच्या पुस्तकांत त्याला ‘शेतकऱ्याची मान’ असेही म्हटले जाते. उन्हातील अतिनील किरणांमुळे त्वचेतील लवचीक तंतूंचा लगदा होतो, हे त्याचे कारण. सावळ्या कातडीतील मेलॅनिन या किरणांना बरेच अडवते. त्यामुळे गोऱ्या वंशांच्या तुलनेत आपल्याकडे हे उशिरा आणि कमी प्रमाणात होते, एवढेच. एकदा पडलेल्या या घळ्या सुईने भरून निघत नाहीत. ऊन टाळणे आणि त्वचा मऊ ठेवणारी, डॉक्टरांनी सुचवलेली मलमे लावणे एवढाच मार्ग उरतो.

गळ्याची गोष्ट वेगळी आहे. तेथील त्वचा चेहऱ्यापेक्षा पातळ असते आणि तिच्यात तैलग्रंथी कमी असतात. त्वचेच्या लगेच खाली प्लॅटिस्मा नावाचा पातळ, रुंद स्नायू छातीच्या वरच्या भागापासून जबड्यापर्यंत पसरलेला असतो. वय वाढते तशी त्याची कड सैल होऊन दोरीसारख्या उभ्या शिरा उठून दिसतात. आडव्या रेषा मात्र वयाच्याच असतात असे नाही. अनेकांच्या गळ्यावर त्या लहानपणापासून असतात. आपल्या शिल्पकलेत आणि सामुद्रिक शास्त्रात तर शंखासारखा, तीन रेषांचा गळा हे सौंदर्याचे आणि भाग्याचे लक्षण मानले गेले. ‘कंबुकंठ’ हा शब्द त्यातूनच आला आणि गुप्तकालीन बुद्धमूर्तींच्या गळ्यावरही या तीन वळ्या कोरलेल्या दिसतात. त्याच वळ्या पुसण्यासाठी आज पैसे मोजले जातात.

आधी निदान

गळा किंवा मान ‘खराब झाली’ म्हणून येणाऱ्या प्रत्येकाला वार्धक्य आलेले नसते. हा मुद्दा उपचारांच्या यादीपेक्षा महत्त्वाचा आहे, कारण चुकीच्या निदानावर दिलेले इंजेक्शन पैसे तर घालवतेच, शिवाय खरा आजारही झाकून ठेवते.

मानेच्या मागे आणि बाजूंना मखमलीसारखा जाडसर काळेपणा येणे ही आपल्याकडची नेहमीची तक्रार. तो मळ समजून दगडाने किंवा घासणीने घासला जातो, त्याने तो आणखी काळवंडतो. बहुतेक वेळा हे शरीरात इन्सुलिनचा परिणाम कमी झाल्याचे चिन्ह असते. मधुमेह, लठ्ठपणा, मुलींमधील अंडाशयाच्या गाठींचा विकार यांच्याशी त्याचा संबंध असतो. सोबत काखेतही काळेपणा आणि मानेवर लोंबते बारीक मस असतील, तर पहिली तपासणी रक्तातील साखरेची. वजन उतरले आणि साखर ताब्यात आली की हा काळेपणा हळूहळू फिकट होतो. कोणतीही सुई हे काम करत नाही.

दुसरे कारण गळ्यातच असते. नकली दागिने आणि मंगळसूत्राचे स्वस्त साखळीकाम यांत निकेल असते. घामाने ते सुटते आणि अनेकांना त्याची ॲलर्जी येते. आधी खाज, मग लाली, मग जाड काळसर पट्टा, आणि हे सगळे दागिना टेकतो तेवढ्याच जागेत. केसांचा कलप आणि थेट गळ्यावर फवारलेले अत्तर यांनीही असे होते. गळ्याच्या दोन्ही बाजूंना तांबूस-तपकिरी जाळे आणि हनुवटीच्या सावलीतील भाग मात्र स्वच्छ, असे चित्र असेल तर तो उन्हाचा परिणाम असतो. फ्रेंच त्वचातज्ज्ञ सिव्हात यांच्या नावाने तो ओळखला जातो.

कधीकधी कारण ताटात सापडते. नियासिन या जीवनसत्त्वाच्या अभावी होणाऱ्या पेलाग्रा रोगात उन्हाला उघड्या राहणाऱ्या गळ्यावर हारासारखा काळा पट्टा उमटतो. अठराव्या शतकातील स्पॅनिश वैद्य गास्पर कसाल यांनी तो प्रथम नोंदवला, म्हणून त्याला ‘कसालचा हार’ म्हणतात. दख्खनमध्ये ज्वारीवर गुजराण करणाऱ्यांतील पेलाग्राचा अभ्यास हैदराबादच्या पोषण संशोधन संस्थेत डॉ. सी. गोपालन यांनी १९६०च्या सुमारास केला होता. भोर-वेल्ह्याचा पट्टा आंबेमोहराचा, भाकरी तिथे नाचणीचीही असते. तरीही दीर्घकाळ दारूच्या आहारी गेलेल्या आणि पुरेसे न जेवणाऱ्या माणसाच्या गळ्यावर असा पट्टा दिसला, तर आजही पेलाग्राची आठवण ठेवावी लागते.

गळ्याचा फुगीरपणा हा थायरॉइडचा असू शकतो, हे वेगळे सांगायला नको. तरीही हनुवटीखालची चरबी समजून तो दुर्लक्षिला जातो.

सुईतून काय जाते

गळ्यावरील उभ्या दोऱ्यांसाठी बोट्युलिनम टॉक्सिन वापरतात. बोटॉक्स हे त्यातील एका उत्पादनाचे नाव आता सर्वांनाच लागू झाले आहे. हे मुळात एका जिवाणूचे विष. एकोणिसाव्या शतकात जर्मन वैद्य युस्टिनुस केर्नर यांनी खराब सॉसेज खाऊन होणाऱ्या विषबाधेचे सविस्तर वर्णन केले, त्या विषबाधेचे मूळ हेच. अमेरिकेतील नेत्रतज्ज्ञ ॲलन स्कॉट यांनी त्याच्या अत्यल्प मात्रेचा उपयोग तिरळेपणावर करून दाखवला. पुढे कॅनडातील व्हँकुव्हरमध्ये जीन आणि ॲलिस्टर कॅरुथर्स या डॉक्टर दांपत्याच्या लक्षात आले, की पापण्यांच्या आजारासाठी हे औषध दिलेल्या रुग्णांच्या कपाळावरील आठ्याही नाहीशा होतात. त्यांचा पहिला शोधनिबंध १९९२ सालचा. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने भुवयांमधील आठ्यांसाठी २००२ मध्ये मान्यता दिली आणि गळ्यावरील प्लॅटिस्माच्या दोऱ्यांसाठी ती मिळायला ऑक्टोबर २०२४ उजाडले. तोपर्यंतचा गळ्यावरचा वापर डॉक्टरांच्या अनुभवावर चालत होता.

हे औषध मज्जातंतूकडून स्नायूला मिळणारा आकुंचनाचा संदेश अडवते. परिणाम काही दिवसांत दिसू लागतो, साधारण तीन ते चार महिने टिकतो आणि मग ओसरतो. गळ्यात ते टोचताना सुई त्वचेलगत ठेवावी लागते, कारण आत अन्न गिळण्याचे आणि आवाजाचे स्नायू असतात. मात्रा जास्त झाली किंवा औषध खोल गेले तर गिळताना त्रास होतो, आवाज बसतो, मान उचलायला जड जाते. टोचलेल्या जागेपासून दूर परिणाम होण्याचा धोका ध्यानात घेऊन अमेरिकेत २००९ पासून या औषधांच्या माहितीपत्रकावर ठळक चौकटीत इशारा छापला जातो. गरोदर व स्तनदा स्त्रिया, तसेच मायस्थेनिया ग्रॅव्हिससारखा स्नायूंचा आजार असलेले यांनी ते टाळावे. सैल लोंबणारी कातडी त्याने घट्ट होत नाही. तेथे शस्त्रक्रियाच करावी लागते, हे प्रामाणिक डॉक्टर आधीच सांगतात.

आडव्या रेषा आणि कोरडी, चुरगळलेल्या कागदासारखी त्वचा यांसाठी हायलुरोनिक आम्ल. न्यूयॉर्कमध्ये कार्ल मेयर आणि जॉन पामर यांनी १९३४ मध्ये गाईच्या डोळ्यातील द्रवातून ते वेगळे केले. आपल्या त्वचेत ते मुळातच असते आणि पाणी धरून ठेवते. दाट स्वरूपात ते ‘फिलर’ म्हणून खोलगट भाग भरते, पातळ स्वरूपात त्वचेत जागोजाग टोचून ओलावा वाढवते. पातळ प्रकाराच्या साधारण महिन्याच्या अंतराने दोन-तीन बैठका लागतात. गळ्याची त्वचा पातळ असल्याने दाट फिलर येथे वरवर टोचला तर गाठी दिसतात किंवा निळसर छटा येते. त्यामुळे चेहऱ्यावर हात बसलेला डॉक्टर गळ्यावरही तितकाच सराईत असेल, असे गृहीत धरता येत नाही. हायलुरोनिक आम्लाचा मोठा फायदा म्हणजे चूक झाल्यास ते हायलुरोनिडेज या विकराने विरघळवता येते.

ही सोय पुढच्या दोन पदार्थांत नाही. कॅल्शियम हायड्रॉक्सिलॲपेटाइट हा हाडांतील खनिजाचा कृत्रिम अवतार. गळ्यासाठी आणि छातीसाठी तो बराच पातळ करून टोचतात, त्याभोवती शरीर नवे कोलॅजेन तयार करते. पॉली-एल-लॅक्टिक आम्ल हे विरघळणाऱ्या टाक्यांच्या धाग्यांशी नाते सांगणारे द्रव्य, त्याचा परिणाम काही महिन्यांनी दिसतो. दोन्हींत गाठी होण्याची शक्यता असते आणि झालेल्या गाठींवर उतारा नसतो.

स्वतःच्याच रक्तातील प्लेटलेट वेगळे करून टोचण्याची पद्धत आपल्या शहरांत फार लोकप्रिय आहे. ‘आपलेच रक्त, मग धोका काय’ असा युक्तिवाद त्यामागे असतो. गळ्याच्या सुरकुत्यांवर तिचा उपयोग किती, याचा पुरावा अजून तोकडा आहे, आणि धोका रक्तापेक्षा सुई-नळ्यांत असतो. अमेरिकेत न्यू मेक्सिको राज्यातील एका विनापरवाना स्पामध्ये असा उपचार घेतलेल्या स्त्रियांना एचआयव्हीची लागण झाल्याचे २०१८ मध्ये उघडकीस येऊ लागले. तेथील रोग नियंत्रण केंद्राने २०२४ मध्ये त्याचा सविस्तर अहवाल दिला. सलूनमध्ये किंवा पार्लरमध्ये हे इंजेक्शन घेण्याचा विचार असेल त्यांनी तेवढा एक प्रसंग लक्षात ठेवावा.

उजळपणासाठी शिरेतून दिली जाणारी ग्लुटाथिऑनची इंजेक्शने हा तर वेगळाच बाजार आहे. त्वचा गोरी करण्यासाठी अशा इंजेक्शनाला भारतात मान्यता नाही. गळ्यावरील सुरकुत्यांशी त्याचा काही संबंधही नाही.

छातीवर विशेष सावधगिरी

गळ्याखालच्या, छातीच्या वरच्या भागावरील उभ्या रेषांचे एक कारण अगदी साधे आहे: कुशीवर झोपणे. वर्षानुवर्षे रात्री पडणारी तीच घडी हळूहळू कायमची होते. ऊन आणि वय तिला खोल करतात. पाठीवर झोपण्याची सवय लावून घेतल्यास पुढची वाढ तरी थांबते.

या भागाबाबत भारतीय वाचकांनी जाणून घेण्याजोगी गोष्ट म्हणजे केलॉइड. जखम भरताना वण जखमेच्या मर्यादा ओलांडून वाढत जातो, खाजतो, दुखतो. सावळ्या त्वचेत त्याचे प्रमाण अधिक असते आणि शरीरात तो जिथे हटकून होतो, अशा जागांत छातीच्या मध्यावरील हाड, खांदा आणि कानाची पाळी या प्रमुख. कान टोचल्यावर, लस घेतल्यावर किंवा साध्या पुळीनंतर ज्यांना असा वण आला आहे, त्यांनी छातीवर सौंदर्यासाठी सुई टोचून घेऊ नये. टोचल्यावर पडणारे काळे डाग हा दुसरा त्रास. गोऱ्या त्वचेवरची लाली आठवड्यात जाते, आपल्याकडे तिच्या जागी महिनोन्‌महिने टिकणारा डाग राहू शकतो. परदेशी उत्पादनांच्या ‘आधी आणि नंतर’च्या छायाचित्रांत ही त्वचा सहसा नसते.

अंतराचा हिशेब

फिलर चुकून रक्तवाहिनीत गेला तर त्या भागाचा रक्तपुरवठा तुटतो. असह्य वेदना, पांढरा पडलेला किंवा निळसर जाळीदार झालेला त्वचेचा भाग ही त्याची चिन्हे. अशा वेळी विकराचे इंजेक्शन शक्य तितक्या लवकर, तासांच्या हिशेबात मिळावे लागते, नाहीतर तेथील त्वचा मरते. बोट्युलिनममुळे गिळण्याचा त्रास झाला तर तो त्याच दिवशी नव्हे, काही दिवसांनी जाणवतो. जंतुसंसर्ग त्यानंतरही होऊ शकतो.

पुण्यात दुपारी इंजेक्शन घेऊन संध्याकाळच्या एसटीने गावी परतणाऱ्याने हे लक्षात घ्यायला हवे. कापूरहोळहून भोर किंवा नसरापूरहून वेल्हे गाठणे सोपे आहे. पण पुढे घाटमाथ्याकडील केळद किंवा हिर्डोशीच्या बाजूच्या गावांतून रात्री, आणि त्यातही पावसाळ्यात, पुण्याला परतणे हा काही तासांचा मामला असतो. भोरच्या उपजिल्हा रुग्णालयात किंवा वेल्ह्याच्या ग्रामीण रुग्णालयात सर्पदंश, विंचूदंश, बाळंतपण यांची तयारी असते. सौंदर्योपचारातील फिलर विरघळवण्याचा अनुभव तिथे असेलच, ही अपेक्षा धरणे योग्य नव्हे. म्हणून इंजेक्शन घेतल्यावर पहिले एक-दोन दिवस शहरातच राहावे, डॉक्टरांचा थेट भ्रमणध्वनी क्रमांक घ्यावा आणि त्यांच्याकडे हायलुरोनिडेज शिल्लक आहे का, हे सुई टोचण्यापूर्वीच विचारावे. लग्न आठवड्यावर आले असताना पहिल्यांदाच हा उपचार घेण्यात अर्थ नाही. सूज आणि काळेनिळे डाग उतरायलाच तेवढे दिवस लागतात.

गावात किंवा बाजारपेठेच्या ठिकाणी ‘शिबिर’ भरवून स्वस्तात इंजेक्शन देण्याचे आमिष कोणी दाखवले, तर त्याकडे संशयानेच पाहावे. बोट्युलिनम टॉक्सिनची न उघडलेली कुपी साधारणपणे २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवावी लागते. वीज तासन्‌तास जाणाऱ्या जागी ही शीतसाखळी टिकवणे कठीण. एप्रिल २०२४ मध्ये अमेरिकेतील ११ राज्यांत मिळून २२ स्त्रियांना बनावट किंवा नीट न हाताळलेल्या अशा इंजेक्शनांनी बाधा झाल्याचे तेथील यंत्रणांनी जाहीर केले होते. कुपी आपल्यासमोर उघडायला सांगणे, तिच्यावरील नाव, तुकडी क्रमांक आणि मुदत यांचे छायाचित्र काढून घेणे यात संकोच करण्यासारखे काही नाही.

इंजेक्शन देण्याचा अधिकार कोणाला, याबाबत कायदा संदिग्ध नाही. महाराष्ट्र वैद्यक व्यवसायी अधिनियम, १९६१ नुसार नोंदणीशिवाय वैद्यकीय व्यवसाय करणे हा गुन्हा आहे. ब्युटी पार्लरचा अभ्यासक्रम पूर्ण केल्याचे प्रमाणपत्र म्हणजे वैद्यकीय नोंदणी नव्हे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये केशरोपण आणि सौंदर्यविषयक प्रक्रियांबाबत मार्गदर्शक सूचना काढल्या. कार्यशाळेत किंवा यूट्यूबवर पाहून शिकणे हे पुरेसे प्रशिक्षण नाही, असे त्यांत स्पष्ट म्हटले आहे. डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे पडताळता येतो. त्वचारोग किंवा प्लास्टिक सर्जरीतील पदव्युत्तर पदवी आहे का, हेही पाहावे.

खर्चाचा अंदाज बांधताना एका बैठकीच्या दरावर जाऊ नये. बोट्युलिनम तीन-चार महिन्यांनी ओसरते, हायलुरोनिक आम्ल बहुधा वर्षाच्या आत. म्हणजे हा वर्षानुवर्षांचा हप्ता आहे. आरोग्य विम्यात सौंदर्योपचार सहसा बसत नाहीत. उलट, मानेचा काळेपणा किंवा दागिन्याची ॲलर्जी यांचे निदान आणि उपचार पुण्याच्या ससून रुग्णालयासारख्या शासकीय रुग्णालयाच्या त्वचाविभागात नाममात्र खर्चात होतात, आणि तक्रार घेऊन येणाऱ्यांपैकी अनेकांना गरज तेवढीच असते.

ऊन अडवण्याचे काम मात्र शेतावरच करावे लागते. सनस्क्रीन चेहऱ्याला लावताना गळा आणि मान यांना विसरले जाते. घामाने ते दोन-तीन तासांत निघूनही जाते. कापणीच्या दिवसांत डोक्यावरून मानेवर उतरणारा सुती पंचा, मागे लांब ओढलेला पदर, बंद गळ्याचा पूर्ण बाह्यांचा सदरा यांचा उपयोग त्याहून अधिक होतो. पूर्वीचे इरले पावसासाठी होते, पण डोक्यापासून कमरेपर्यंत पाठ आणि मान झाकण्याची त्याची रचना उन्हालाही तितकीच चालली असती.